आम्ही समृद्धीनं गेलो

त्या आठवड्यात मला कोणी ‘जरा टेक’ म्हटलं असतं, तरी मी त्याच्यावर खेकसले असते. दसरा नुकताच झाला होता. अमरावतीत मी ज्या शाळेत शिकवते तिथे सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे तपासायचे पडले होते, आणि शनिवारी आम्हाला गाडीने पुण्याला निघायचं होतं. रविवारी तिथे नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती. माझा नवरा घरून काम करतो. म्हणजे तो घरात असतो; घरातलं काम करत नाही. दार ओढून, कानाला हेडफोन लावून बसतो, आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे विचारलं तर जणू मी त्याला परीक्षेत न शिकवलेला प्रश्न टाकलाय असा चेहरा करतो.

मुलगी सात वर्षांची, मुलगा नऊ महिन्यांचा. सोमवारी त्याला गोवराची लस दिली आणि मंगळवारी तो तापला. बुधवारी आमच्याकडे भुलाबाईची पाळी होती. दसरा ते कोजागिरी आमच्या इमारतीतल्या मुली रोज एकेका घरी जमून भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि मग त्या घरची मुलगी झाकलेल्या डब्यातली खिरापत खुळखुळवते. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. मी हे साफ विसरले होते. मुली दारात आल्या तेव्हा माझ्या एका खांद्यावर कुरकुरतं बाळ होतं आणि हाताला लाल शाई. सकाळच्या पोळ्या कुस्करल्या, साखर-तूप घातलं, डब्यात कोंबलं. डबा खुळखुळेचना, त्यामुळे कोणालाच ओळखता आलं नाही, आणि माझी मुलगी त्या दिवसापुरती इमारतीत मोठी झाली. मला मात्र स्वतःचीच चीड आली. सगळं असंच वेळ मारून नेत चाललंय, हे मला कळत होतं.

त्याच दिवशी अकोल्याहून मावशीचा फोन आला.

“शनवारी चालले ना पुण्याले? मंग अकोल्यावरूनच जा. मांडे करतो म्हटलं तुमच्यासाठी.”

मी पटकन ‘हो’ म्हटलं. पटकन हो म्हणणं हा माझा जुना रोग आहे. समोरच्याचं बोलणं लवकर संपतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आमचं गाव शेंदूरजनाघाट. घरची संत्र्याची बाग. दहावीनंतर शिकायला मी अकोल्याला मावशीकडे आले आणि दोन वर्षं राहिले. मावशीला मूलबाळ नाही. माझी बारावी मावशी आणि तिचे यजमान, म्हणजे मावसाजी, या दोघांनी दिली असं म्हटलं तरी चालेल. सकाळी सहाच्या शिकवणीला मावसाजी मला स्कूटरवर सोडायचे आणि ती सुटेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचे. ‘जाऊन परत कुठं येऊ?’ म्हणायचे. माणूस अबोल, सडपातळ, कायम पांढरा सदरा-पायजमा.

मावशीच्या घरची एक रीत होती. ओळखीतलं कोणीही रेल्वेने अकोल्यावरून जाणार असलं, की त्याचा डबा फलाटावर पोचायचा. गाडी तिथे पाचच मिनिटं थांबते. पण मावसाजी तासभर आधी जाऊन उभे राहायचे. गाडी आली की पांढऱ्या कापडात बांधलेला डबा खिडकीतून आत सरकवायचा, ‘बरे हायेत ना?’ एवढं विचारायचं आणि माघारी फिरायचं. माझ्या लग्नानंतर आम्ही नागपूरहून मुंबईला जाताना असा डबा आम्हालाही मिळाला होता. नवरा चकित झाला होता. मी मात्र त्याला अगदी सहज सांगितलं होतं, आमच्याकडे असंच असतं.

तर शनिवार. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. सातला मुलाने नवे कपडे भरवले. आठला नवऱ्याला ‘एकच कॉल’ आला, तो नऊपर्यंत चालला. मग मुलगी हट्टाला पेटली की तिला दसऱ्याचा लाल फ्रॉकच घालायचा आहे, आणि तो धुवायला टाकलेला होता. तो तसाच झटकून घातला. मग मी न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा गाडीत घेतला, उतरवला, पुन्हा घेतला. घर सोडायला साडेअकरा वाजले. बडनेरा ओलांडेपर्यंत आम्ही नवरा-बायको एकमेकांशी फक्त मुलीमार्फत बोलत होतो.

“बाबांना विचार, पुण्याला किती वाजता पोचणार?”

“आईला सांग, अकोल्याला किती वेळ बसणार त्यावर आहे.”

तो खरंच बोलला होता. पुण्याला नणंदेकडे संध्याकाळीच पाहुणे जमणार होते आणि आम्हाला अंधाराच्या आत निदान संभाजीनगर मागे टाकायचं होतं. मावशीकडे अर्ध्या तासाचं जेवण ही गोष्टच अस्तित्वात नाही. मांडे म्हणजे पुरणाची, रुमालासारखी पातळ पोळी, मातीच्या उपड्या खापरावर भाजायची. ती गरम गरमच खायची. एक झाली की दुसरी, मध्ये कढी, मग बाळाला मांडीवर घेणं, मुलीला शेजारीपाजारी दाखवून आणणं, माझ्या अंगावर साडी लावून पाहणं. तीन तास गेले असते.

मूर्तिजापूरच्या फाट्यावर आम्ही पेट्रोलला थांबलो. नवरा पंपावर गेला, मी उतरून जरा बाजूला जाऊन मावशीला फोन लावला. ‘मावशी, खूप उशीर झाला, या वेळी नाही जमणार,’ एवढंच सांगायचं होतं मला. पण मला माहीत होतं ती काय म्हणेल. पाच मिनिटं तर ये म्हणेल. आणि ती पाच मिनिटं म्हणाली की मला नाही म्हणता येणार नाही, गाडीत पुन्हा भांडण होईल, आणि पुण्यात सासरचे लोक घड्याळाकडे पाहत बसतील. मागच्या वर्षभरात मी तिला तीनदा येते म्हणून टांग दिली होती, हेही होतंच.

तिने पहिल्याच रिंगला उचलला. “अवं, मी तुलेच फोन लावनार होती. हे आता...”

मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

“मावशी, आमी समृद्धीनं चाललो वं. याइनं गाडी तिकडेच घेतली. उशीर झाला ना, म्हून. कारंजाच्या पुढं आलो आता.”

समृद्धी महामार्ग अकोल्याला शिवत नाही. तो खाली कारंजाकडून जातो. त्या रस्त्याला लागलेला माणूस अकोल्याला येऊच शकत नाही. म्हणून तर मी तो निवडला. वर दोष नवऱ्याच्या माथी मारला. हे सगळं मला विचारही न करता सुचलं, याची मला आजही लाज वाटते. सवय असल्याशिवाय इतकं चटकन सुचत नाही.

मावशी म्हणाली, “बरं. बरं झालं, चांगला रस्ता हाये तो. लेकराइले सांभाळून न्या.”

“तू काय सांगत होती?”

“काही नाही. असंच.”

मी गाडीत येऊन बसले आणि नवऱ्याला म्हटलं, सांगितलं मावशीला, पुढच्या वेळी येऊ. तो खूश झाला. बोरगाव मंजूपर्यंत त्याने मला दोनदा पाणी विचारलं. समृद्धीबद्दल मी त्याला काहीच बोलले नाही. गाडीत इतक्या दिवसांनी जरा हलकं वाटत होतं, आणि मी मनात म्हणत होते, कोणाचं काही बिघडलं नाही.

अकोल्याच्या बायपासवर, जिथून पातूरचा रस्ता फुटतो, तिथे वळणावर ट्रक अडकले होते. आमची गाडी हळू झाली. आणि मला मावसाजी दिसले.

रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या तोकड्या सावलीत त्यांची स्कूटर उभी होती. हँडलला पांढऱ्या कापडात बांधलेला डबा. डबा कसला, मोठं डबडंच होतं, चार माणसांचं. ते सावलीत उभे नव्हते. सावलीतून गाड्या नीट दिसल्या नसत्या म्हणून ते चार पावलं पुढे, भर उन्हात उभे होते. ऑक्टोबरचं दुपारी दीडचं ऊन. डोळ्यांवर आडवा हात धरून येणारी एकेक गाडी बघत होते.

त्या क्षणी मला सगळं कळलं. आम्हाला उशीर झाला हे ओळखून मावशीने स्वतःच ठरवलं असणार की यांना घरी बोलावून अडकवायचं नाही, डबा वाटेवर द्यायचा. ‘हे आता डबा घेऊन निघाले,’ असंच ती सांगणार होती. आणि मी समृद्धीचं बोलले तेव्हा तिने ते वाक्य गिळलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मावसाजींचा फोन नेहमीसारखा घरी चार्जिंगला लावलेला असणार. त्यांना परत बोलवायची काही सोय नव्हती.

“आई, अकोल्याचे आजोबा,” मुलगी मागून म्हणाली.

“नाही गं. दुसरे कोणी असतील.”

“तेच आहेत. त्यांची स्कूटर आहे.”

“तशा स्कूटर खूप असतात.”

नवऱ्याचं लक्ष पुढच्या ट्रककडे होतं; त्याने फक्त आरशातून मुलीकडे बघितलं. “थांबू का?”

“कशाला? ते नाहीत म्हटलं ना.”

मी हे चिडून म्हटलं. चिडल्यावर माझ्याशी कोणी वाद घालत नाही, हे मला ठाऊक आहे. ट्रक हलला, आमची गाडी पुढे सरकली. मी मान खाली घालून पायाशी ठेवलेल्या पिशवीत काहीतरी शोधू लागले. त्या पिशवीत डायपर होते. मी ते मोजत बसले. गाडी त्यांच्या अगदी जवळून, सात-आठ हातांवरून गेली असेल. मुलगी मागच्या काचेला नाक लावून बसली होती. तिने हात हलवला की नाही ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मला थांबता आलं असतं. हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. थांबून म्हणता आलं असतं, रस्ता बदलला, परत वळलो, काहीही. खोट्यावर दुसरं खोटं चढवायला मला कितीसा वेळ लागतो? पण त्यांच्या हातून तो डबा घ्यायचा आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं, हे मला झालं नसतं. तोंड चुकवायचं म्हणून मी त्या माणसाला उन्हात उभं सोडलं.

मेहकरच्या अलीकडे एका धाब्यावर आम्ही जेवलो. भाजी तेलकट होती, पोळ्या चामट. नवरा म्हणाला, “मावशीकडचे मांडे हुकले बघ.” मी उठून हात धुवायला गेले आणि बेसिनपाशी उभी राहून रडले. परत आल्यावर त्याला सांगितलं, तिखट लागलं.

वास्तुशांत छान झाली. मी गुलाबी साडीत सगळ्या फोटोंत हसते आहे. पूजा चालू असतानाच मावशीचा फोन आला. मुलाचा ताप विचारला, नणंदेला आमच्या शुभेच्छा सांग म्हणाली, घर मोठं आहे का म्हणाली. डब्याबद्दल, पातूरच्या फाट्याबद्दल अवाक्षर नाही. मीही नाही. परत येताना मीच हट्ट केला की समृद्धीने जाऊ. त्या गुळगुळीत रस्त्यावर नवरा मजेत गाडी हाकत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. जे खोटं सांगितलं होतं ते आता निदान अर्धं तरी खरं करते आहे, असला काहीतरी पोरकट हिशेब माझ्या डोक्यात होता.

दिवाळीत मी अकोल्याला गेले नाही. भाऊबीजेला माहेरी जाताना मोर्शीचा रस्ता आहे, अकोला वाटेत येत नाही, याचं मला बरं वाटलं. फोनवर बोलत होते, पण कामापुरतं. मग डिसेंबरात शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, ते नेमकं अकोल्याला. दोन्ही मुलांना नवऱ्यावर सोडून मी एकटी निघाले. उतरायची सोय दुसरीकडे करते म्हटल्यावर मावशी म्हणाली, “तंगडं तोडीन.” तेव्हा गेले.

पहिल्या दिवशी चारला सुटून घरी पोचले तर मावसाजी ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. मला आश्चर्य वाटलं. ते एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायच्या कामावर होते. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली, तरी हंगामात मालक त्यांना बोलावून नेतो. शेतकऱ्याची गाडी आली की ढिगात हात घालून मूठभर कापूस काढायचा, बोटांनी धागा ओढून बघायचा, उजेडात रंग बघायचा, आणि कोणत्या प्रतीचा माल ते सांगायचं. डिसेंबरात ते दिवसा घरी सापडणं शक्यच नव्हतं.

“जिनिंगवर नाही गेले आज?” मी विचारलं.

“सोडलं यंदा.”

“काहून?”

“डोये गेले माहे.”

ते अगदी साधेपणाने सांगत होते. “तुमी पुण्याले गेल्ते ना, त्या दिवशी मी पातूरच्या फाट्यावर उभा होतो, डबा घेऊन. मले तुमची गाडी दिसली. तुही पोरगी मांगच्या काचेतून पाहून राहिली होती, लाल फराक घालून. मी हातबी उचलला. घरी आलो तं मावशी म्हणे, ते तं समृद्धीनं गेले. मंग माह्या ध्यानात आलं. जे नाही ते दिसून राहिलं आपल्याले.”

“डॉक्टरकडे गेले होते?”

“गेलो ना. तो म्हणे काही नाही, डोये चांगले हायेत. पण त्याले काय मालूम मी काय पाह्यलं ते? कापसाचं काम असं नाही चालत. पांढरा का पिवयट, एवढ्यात लोकाइच्या वर्षाच्या मेहनतीचं इकडचं तिकडं होते. आपल्या डोयाचा भरवसा नाही तं दुसऱ्याचं नुकसान काहून करा?”

खांद्यावरची पर्स अजून उतरवली नव्हती मी. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार असा आला की गप्प राहिलं तर हे कधीच कळणार नाही. मग त्यांनी सवयीने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत स्वतःची परीक्षा घेतल्यासारखे डोळे बारीक केले. ते रोजच असं करत असणार.

“मावसाजी, ते गाडी आमचीच होती,” मी म्हटलं. “आमी समृद्धीनं गेलोच नाही. मी मावशीशी खोटं बोलली. तुमी दिसले मले. तरी नाही थांबली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही. तेवढं एकच मी त्या दिवशी नीट केलं.

“लाल फराक?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मांगच्या काचेतून?”

“हो, मावसाजी.”

त्यांनी मांडीवर थाप मारली. चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. “पाह्य बरं,” ते म्हणाले, आणि आत तोंड करून मावशीला हाक दिली, “ऐकलं का वं? डोये शाबूत हायेत आपले.” का खोटं बोललीस, का थांबली नाहीस, काही नाही. ते उठले, चार्जिंगला लावलेला फोन काढला आणि जिनिंगच्या मालकाचा नंबर शोधत अंगणात गेले.

मी स्वयंपाकघरात गेले. मावशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“मले तवाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तू फोनवर बोलून राहिली होती तं तुह्या मांगं जीपवाला ‘अकोला, अकोला’ ओरडत होता. समृद्धीवर कोन ओरडते असं?”

“मंग मले काहून नाही बोलली?”

“तू सांगशीन म्हून वाट पाह्यली.”

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. “त्याइले म्हटलं मी, डोयाले काही नाही झालं तुमच्या, ते पोरगीच तशी बोलली असंन. तं माह्यावर असे चिडले. दोन दिवस जेवले नाही धड. म्हणे, माह्या डोयाले नाव ठेव, पोरीले नको ठेवू.”

ती हे रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती मला पाट सरकवून बस म्हणाली आणि मी बसले.

खिडकीतून अंगणातलं बोलणं ऐकू येत होतं. मालकाने विचारलं असावं, एकाएकी बरं कसं वाटायला लागलं. मावसाजी क्षणभर अडखळले. मला त्यांचा हा स्वर नवा होता. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

“काही नाही जी,” ते म्हणाले. “चष्म्याचा नंबर चुकला होता.”